शेपटीकडे जाऊ नका!
निवडणूक आली की आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, हेलिकॉप्टरे उतरू लागतात. पटांगणात फक्कीने ‘एच’ काढायचा, धुळीवर पाणी मारायचे, की झाला तळ! पण गर्दी आवरणाऱ्यांना कोणी काही शिकवले आहे काय? शेपटीचा पंखा फिरू लागला की डोळ्यांना दिसेनासा होतो. २३ एप्रिल २०२३ रोजी केदारनाथला त्याने बळी घेतला, तो उत्तराखंडच्या विमानवाहतूक प्राधिकरणातल्याच एका अधिकाऱ्याचा. मग बंदोबस्तावरच्या पोराची काय कथा? वैमानिकाने खूण केल्यावरच, समोरून, वाकून, टोपी हातात घेऊन जवळ जावे. जमीन उतरती असेल तर चढाच्या बाजूने मुळीच नाही. तिथे वरचे पाते डोक्याशी येते. तासाभराचे हे शिक्षण. हार घेऊन सर्वांआधी धावणाऱ्या कार्यकर्त्यालाही त्यात बसवावे.