व्यायामाची ठेव साठत नाही

आरोग्याची तुलना संपत्तीशी करण्याची रीत फार जुनी आहे. शाळेच्या भिंतीवर, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, दिनदर्शिकेच्या पानावर ती हमखास भेटते. बँकेशी संबंध असलेल्या वाचकाला ती विशेष जवळची वाटावी हेही स्वाभाविक आहे. तथापि या तुलनेत एक फसगत दडलेली आहे. पैसा साठविता येतो. तारुण्यात बाजूला ठेवलेली रक्कम उतारवयात व्याजासह हाती येते. व्यायामाचे तसे नाही. महाविद्यालयात असताना कबड्डीचे मैदान गाजविणारे गृहस्थ पन्नाशीत सुटलेल्या पोटावरून हात फिरवीत "एकेकाळी पुष्कळ व्यायाम केला आहे" असे समाधानाने सांगतात, तेव्हा ते केव्हाच रिकाम्या झालेल्या खात्यावर धनादेश लिहीत असतात.

हा केवळ अलंकार नव्हे. अमेरिकेतील डॉ. राल्फ पॅफनबार्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या हजारो माजी विद्यार्थ्यांच्या प्रकृतीचा दीर्घकाळ मागोवा घेतला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, विद्यार्थिदशेत नामांकित खेळाडू असलेल्या पण पुढे बैठे जीवन पत्करलेल्या पुरुषांना पूर्वीच्या खेळाने हृदयविकारापासून संरक्षण दिले नाही. याउलट कधी मैदानाकडे न फिरकलेले, परंतु नंतरच्या वयात नियमित हालचाल राखणारे पदवीधर अधिक सुरक्षित आढळले. सामान्य माणसाच्या दृष्टीने यातील चांगली बातमी वाईट बातमीपेक्षा मोठी आहे. जुनी शिल्लक उपयोगी पडत नाही हे खरे; पण जुनी थकबाकीही मानगुटीवर बसून राहत नाही. हे खाते कोणत्याही वयात नव्याने उघडता येते.

व्यायाम म्हटला की व्यायामशाळा, महागडी यंत्रे, पहाटेचा गजर आणि पीळदार दंड डोळ्यांसमोर येतात. यातले काहीही नसताना आरोग्यावर किती परिणाम होतो, हे दाखवून दिले ते लंडनच्या बस कर्मचाऱ्यांनी, आणि तेही नकळत. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉ. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी हृदयविकाराच्या वाढत्या प्रमाणाचे कारण शोधीत होते. लंडनच्या दुमजली बसवर दोन माणसे असत, एक चालक आणि एक वाहक. दोघे एकाच वस्तीतले, साधारण एकाच आर्थिक थरातले. फरक इतकाच की चालक दिवसभर आसनावर बसून असे आणि वाहक तिकिटे देत वरच्या मजल्यावर चढत-उतरत असे. कामाच्या एका दिवसात वाहकाच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या होत. एका मजल्याच्या वीस पायऱ्या धरल्या तर हे पंचवीस ते सदतीस मजले झाले! १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, चालकांपेक्षा वाहकांना हृदयधमन्यांचा विकार कमी होतो, झालाच तर उशिरा होतो आणि त्याचे स्वरूप सौम्य असते. टपाल खात्यातही हाच प्रकार आढळला. पायी फिरून पत्रे वाटणारे पोस्टमन खुर्चीत बसून काम करणाऱ्या सहकाऱ्यांपेक्षा सुस्थितीत होते.

यावर शंका घेता येते आणि ती स्वतः मॉरिस यांनीच घेतली. मुळात जाड माणसेच चालकाची नोकरी पत्करीत असतील तर? त्यांनी बस कंपनीच्या गणवेशांच्या नोंदी तपासल्या. चालकांच्या विजारींची कंबर खरोखरच मोठी निघाली, आणि हेही त्यांनी १९५६ मध्ये प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले. पुढील तपासणीत मात्र बारीक, मध्यम वा स्थूल, कोणत्याही मापाच्या वाहकाची स्थिती त्याच मापाच्या चालकापेक्षा बरी असल्याचे दिसून आले. शास्त्राची ही सावध चाल जाहिरातींतील "एकवीस दिवसांत कायापालट" अशा आश्वासनांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. मॉरिस स्वतः आयुष्यभर चालत, पोहत राहिले आणि २००९ मध्ये वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. एका माणसाच्या दीर्घायुष्याने काही सिद्ध होत नाही, हे सांगणारे पहिले तेच असते.

लंडनच्या वाहकाने व्यायामाचा संकल्प कधी सोडला नव्हता. त्याच्या पगारातच तो कापून घेतला जात होता, असे म्हणावे लागेल. तो नियमित होता यातच त्याचे सामर्थ्य होते. 'नियमित' हा शब्द आरोग्यविषयक लेखांत इतक्या वेळा येतो की त्यावर नजर ठरत नाही. वस्तुतः सगळे मर्म त्यातच आहे. स्नायू काम करू लागतात तेव्हा ते रक्तातील साखर ओढून घेतात, आणि काम थांबल्यावरही इन्सुलिनला मिळणारा त्यांचा प्रतिसाद साधारण एक-दोन दिवस सुधारलेला राहतो. पुढे तो ओसरतो. म्हणूनच मधुमेहींनी व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असा सल्ला दिला जातो. रविवारी तीन तास डोंगर चढून उरलेला आठवडा खुर्चीत काढणे अगदीच निष्फळ नाही. पण सोमवारचे जेवण रविवारी जेवून घेता येत नाही, तसेच हे आहे.

भारतात या गोष्टीला किती महत्त्व आहे हे आकड्यांवरून कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला मागे फिरता येते काय? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी याचे उत्तर शोधले. त्यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा पाचशेहून अधिक व्यक्तींचे गट पाडण्यात आले. सुमारे अडीच वर्षांत, केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटातील शंभरांपैकी पंचावन्न जणांना मधुमेह जडला. ज्यांना आहारावर नियंत्रण आणि रोज अर्धा तास भरभर चालणे शिकविले होते, त्यांच्यात हे प्रमाण एकोणचाळीसवर आले. औषध घेणाऱ्या गटालाही साधारण तितकाच लाभ झाला. एकोणचाळीस हा आकडा काही जणांना निराशाजनक वाटेल. परंतु शंभर कुटुंबांपैकी सोळा कुटुंबांत त्या काळापुरता तरी मधुमेह शिरला नाही, ही गोष्ट लहान नाही, आणि त्यासाठी लागले ते मुख्यतः नेमाचे जेवण व एक जोडी बूट.

किती व्यायाम पुरेसा, याचेही अवास्तव दडपण पुष्कळांच्या मनावर असते. रोज दहा हजार पावलांचा दंडक हे त्याचे उदाहरण. हा आकडा मुळात १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. कोणत्याही वैद्यकीय प्रयोगातून तो निघालेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवितात. मध्यम म्हणजे काय? चालता चालता बोलता येते पण गाता येत नाही, अशी गती. विशेष म्हणजे, हालचाल सलग दहा मिनिटे झाली तरच ती मोजावी ही जुनी अट या तत्त्वांत उरलेली नाही. तीन-चार मिनिटांचे जिनेही आता हिशेबात धरले जातात.

मराठी घरांतील शतपावलीची येथे आठवण व्हावी. जेवणानंतर अंगणात किंवा गच्चीत चार फेऱ्या मारण्याची ही पद्धत दूरचित्रवाणीने जवळजवळ संपविली. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २०१६ मध्ये मधुमेहींवर केलेल्या प्रयोगात, दिवसातून एकदा केव्हाही अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणोत्तर साखर अधिक आटोक्यात राहते असे आढळले. शंभर पावले थोडी कमी पडतात, एवढेच, हजार चालावीत.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला, त्यामागेही हीच व्यावहारिक दृष्टी होती. साधने नकोत, जागा एका सतरंजीएवढी, आणि स्त्री-पुरुष, लहान-थोर सर्वांना जमेल असा प्रकार. त्यांचा भर रोजच्या नेमावर होता. आज रथसप्तमीला किंवा २१ जूनला मैदाने भरतात, छायाचित्रे निघतात, आणि दुसऱ्या दिवशी मैदान पूर्ववत रिकामे होते. अशा सोहळ्यांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र एका दिवशी एकशे आठ नमस्कार घालून पुढचे आठ दिवस पाय दुखविण्यापेक्षा रोजचे बारा नमस्कार शरीराला अधिक मानवतात.

आरंभ केलेला व्यायाम सुटतो याचे एक कारण वजनकाटा आहे. महिनाभर चालूनही काटा हलला नाही की माणूस खट्टू होतो. केवळ चालण्याने वजन फारसे उतरत नाही, त्याचा संबंध ताटाशी अधिक आहे, हे आधीच स्पष्ट सांगायला हवे. पण काटा न हलताही नियमित व्यायामाने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब साधारण ५ ते ८ अंकांनी उतरू शकतो, झोप सुधारते, मन हलके होते. हे लाभ काट्यावर दिसत नाहीत म्हणून ते झालेच नाहीत, असे नव्हे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. याचा अर्थ स्त्रिया आळशी आहेत असा काढणे अन्यायाचे होईल. जाते, उखळ आणि विहीर गेली हे चांगलेच झाले, त्या कष्टांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या जागी मोकळा वेळ आला नाही, आली ती डबे, शिकवण्या आणि नोकरी यांची धावपळ, जी थकविते पण छातीचा भाता चालवीत नाही. "घरकामात पुरेसा व्यायाम होतो" असे घरातील इतरांनी परस्पर ठरवून टाकणे सोयीचे असते. सकाळचा चहा आणि डबा आठवड्यातून चार दिवस दुसऱ्या कोणी सांभाळला, तर गृहिणीला चालायला अर्धा तास मिळेल; तो न देता तिला चालण्याचे महत्त्व पटवीत बसणे व्यर्थ आहे. बाहेर पडल्यावर पदपथ वाहनांनी अडलेला, दिव्यांचे खांब अंधारे, दिल्लीसारख्या शहरात हिवाळ्यात हवा श्वास घेण्याजोगी नाही आणि चेन्नईत उन्हाळ्यात सकाळी आठलाच ऊन असह्य. नागरिकांना चाला म्हणणाऱ्या व्यवस्थेवर चालण्याजोगी जागा देण्याची जबाबदारीही येते.

बँकांनीही या बदलाला हातभार लावला आहे. पूर्वी पासबुक भरून घेण्यास, धनादेश टाकण्यास, विजेचे बिल भरण्यास ग्राहक महिन्यातून चार-पाच वेळा तरी शाखेपर्यंत चालत येत असे. एटीएमने ते अंतर कमी केले, २०१६ नंतर यूपीआयने ते पुसूनच टाकले. ही सोय मोलाची आहे आणि तिचा त्याग कोणी करणार नाही. वाचलेल्या वेळातला थोडा भाग पायांकडे परत जावा, एवढीच अपेक्षा. खिडकीमागे बसलेला कर्मचारी तर लंडनच्या बसचालकाच्याच आसनावर आहे. तासाभराने उठून पाणी आणणे, पलीकडच्या मेजावरच्या सहकाऱ्याला फोनऐवजी प्रत्यक्ष भेटणे, उद्वाहन टाळणे हे उपाय क्षुल्लक वाटतात. त्यांनी वाहकाचे सदतीस मजले भरून निघणार नाहीत, हेही खरे. म्हणून घरी जाताना एक थांबा आधी उतरून चालणे त्यात मिळवावे.

निवृत्तांसाठी प्रश्न निराळा असतो. त्यांच्याकडे वेळ असतो, चालणेही होते, पण मांड्यांची ताकद हळूहळू ओसरते आणि एखाद्या दिवशी न्हाणीघरात तोल जातो. वृद्धांच्या बाबतीत बळ वाढविणाऱ्या व्यायामाची गरज चालण्याइतकीच आहे. भिंतीलगत पक्की खुर्ची ठेवून, हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे हा त्याचा सर्वांत स्वस्त प्रकार. प्रारंभी पाच वेळा जमले तरी हरकत नाही. ज्यांना हृदयविकार आहे, चालताना छातीत दुखते किंवा चक्कर येते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इतरांना उद्या सकाळपर्यंत थांबण्याचेही कारण नाही, आज रात्रीच्या जेवणानंतर गच्ची मोकळीच असते.