पुसलेलं गाव ब्लॉक रचून परत उभं राहतं का?

माइनक्राफ्टमध्ये किल्ला, शाळा, नाहीतर स्वतःचं घर बांधून बघितलेले तुमच्यापैकी बरेच जण असतील. पण जे गाव बांधायचंय तेच आज जागेवर नसेल तर? रुसिन लोकांच्या गावांबद्दल वाचताना मला हा प्रश्न पडला, आणि तो गेमपुरता राहत नाही.

रुसिन हा कार्पेथियन डोंगररांगांमधला छोटा स्लाव्ह समाज. स्लोव्हाकिया, युक्रेन, पोलंड, सर्बिया अशा देशांत विखुरलेला, स्वतःचा देश नसलेला. (चित्रकार अँडी वॉरहॉलचे आईवडील याच समाजातले, स्लोव्हाकियातल्या मिकोवा गावचे.) १९४७ मध्ये पोलंडच्या सरकारने आग्नेय भागातून सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनियन आणि लेमको लोकांना उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. लेमको म्हणजे रुसिनांचीच एक शाखा, असं त्यांच्यातले बरेच मानतात. स्लोव्हाकियात १९८० च्या दशकात स्टारिना धरणासाठी सात गावं उठवली. त्यातली रुस्के, झ्वाला यांसारखी गावं तर पाण्याखाली गेलीसुद्धा नाहीत. पिण्याचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून धरणाच्या वरच्या खोऱ्यात वस्ती नको होती, एवढंच.

अशी गावं गेममध्ये बांधायला सुरुवात कशी होते? ज्या इमारती अजून उभ्या आहेत, त्यांचं सोपं. उदाहरणार्थ बोद्रुझालचं १६५८ चं लाकडी चर्च, जे २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. फोनने चहूबाजूंनी, एकमेकांवर थोडे चढतील असे भरपूर फोटो काढा. फोटोग्रामेट्रीचं ॲप त्यातून थ्रीडी मॉडेल बनवतं. पाडलेल्या घराचं मात्र असं होत नाही. तिथे जुने जमिनीचे नकाशे, लग्नातले फोटो आणि आजी-आजोबांची आठवण. फोटोत घराचा दर्शनी भाग असतो, मागचा गोठा कोण कशाला काढतंय! आणि रुसिन 'खिझा'मध्ये राहती खोली, धान्याची जागा आणि गोठा बहुधा एकाच लांबलचक छपराखाली असायचे. म्हणजे अर्धं घर अंदाजानेच बांधायचं. मला वाटतं, अंदाजाचा भाग वेगळ्या रंगाच्या ब्लॉकने दाखवावा. दिसायला वाईट दिसेल, पण खोटं नसेल.

दुसरी अडचण मापाची. माइनक्राफ्टचा एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. लाकडी ओंडके कोपऱ्यात एकमेकांत कसे अडकवले, हे त्यात दिसणारच नाही. प्रमाण दुप्पट-चौपट केलं तर तपशील येतो, पण आपलं पात्र घरात उंदरासारखं फिरतं.

भाषेचं काय? कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत रुसिन भाषा निवडता येते, स्वयंसेवकांनी भाषांतर केलंय म्हणून. फोनवरच्या बेडरॉक आवृत्तीत ती नाही. आणि पोरांच्या हातात फोन असतो! स्लोव्हाकियात रुसिनची प्रमाण लिखित भाषा जाहीर झाली तीच मुळी १९९५ मध्ये. युक्रेनमध्ये तर रुसिनांना युक्रेनियनांचाच एक भाग मानतात. त्यामुळे गेममधल्या गावाच्या वेशीवर पाटी कुठल्या भाषेत लावायची, यावरूनसुद्धा वाद होऊ शकतो. माझं मत विचाराल तर तिथे राहिलेल्या कुटुंबांनी ठरवावं, सर्व्हर चालवणाऱ्याने नाही.

सर्व्हरवरून आठवलं. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्याने अख्खा देश माइनक्राफ्टमध्ये एकास एक मापाने बांधून सगळ्यांना खुला केला. स्फोटकं बंद ठेवली होती, पण रुळावरच्या गाडीतलं टीएनटी बंद करायचं राहिलं. खेळाडूंनी त्यानेच काही भाग उडवला. एकदा उठवलेलं गाव दुसऱ्यांदा असं उडालं तर?

म्हणून असं काही बांधत असाल तर बदल करायचा अधिकार मोजक्यांना द्या, बाकीच्यांना नुसतं फिरू द्या. फोनवर बांधत असाल तर सेटिंगमधून 'एक्सपोर्ट वर्ल्ड' करून फाइल बाहेर काढा, कारण ॲप काढून टाकलं की त्यातलं जगही बहुतेक वेळा जातं. सोबत साधी टेक्स्ट फाइल ठेवा: कुठलं घर कुणाच्या फोटोवरून बांधलं, कुठली भिंत कुणाच्या सांगण्यावरून. गेम जुना होऊन उघडेनासा झाला, तरी ती फाइल कुठल्याही फोनवर वाचता येईल.