सिंड्रेला: मूळ सरस की नवी?



जुन्या संगीत नाटकाचा नवा प्रयोग लागला की "पूर्वीची मजा नाही" म्हणणारे आपल्यात पुष्कळ. मीही त्यातलाच. म्हणून आठ वर्षांच्या लेकीने १९९७ची 'सिंड्रेला' पाहायचा हट्ट धरला, तेव्हा मी तिला आधी १९५७ची मूळ दाखवली.

रॉजर्स आणि हॅमरस्टाईन यांनी खास टीव्हीसाठी लिहिलेली ही एकमेव संगीतिका. ३१ मार्च १९५७ रोजी सीबीएसवर ती थेट प्रक्षेपित झाली आणि दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिली असा अंदाज आहे. प्रक्षेपण रंगीत होते, पण आज उरले आहे ते कृष्णधवल चित्रण. रिटेकची सोय नसताना ज्युली अँड्र्यूज जे गाते, त्याला तोड नाही.

नव्या आवृत्तीत सिंड्रेला झालेल्या ब्रँडीचा आवाज गोड, पण लहान. परीच्या भूमिकेतली व्हिटनी ह्यूस्टन गायला लागली की ती झाकोळून जाते. काही गाणी तर बाहेरून आणलेली. संगीताचा निकाल मी मूळ कृतीच्याच बाजूने देईन.

पण संगीतिका म्हणजे नुसते गाणे नव्हे. १९९७च्या या राज्यात राजा गोरा, राणी कृष्णवर्णीय, त्यांचा राजपुत्र फिलिपिनो वंशाचा आणि सिंड्रेला कृष्णवर्णीय. याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, भाषण ठोकत नाही. बाहेरून आणलेल्या गाण्यांपैकी एक रॉजर्सच्या १९६२च्या 'नो स्ट्रिंग्ज'मधले आहे. त्या नाटकाची नायिका कृष्णवर्णीय आणि नायक गोरा. म्हणजे ती उसनवारीही अगदीच परकी नाही.

मूळ संपल्यावर लेक म्हणाली, "छान गाते." नवी संपल्यावर काही न बोलता तिने आईची ओढणी डोक्यावर घेतली आणि स्वतःच सिंड्रेला झाली. माझी लेक सावळी आहे.

त्याच संध्याकाळी पुण्याहून आजीचा फोन आला. "उन्हात खेळू नकोस गं, काळी पडशील." आजी प्रेमानेच बोलली. मी गप्प बसलो, आणि ते मला अजून टोचते आहे. ऑफिसात वर्णभेदावर आपण तावातावाने बोलतो. घरच्या स्थळांच्या यादीत मात्र 'गोरी' हा शब्द अजून पहिल्या ओळीत असतो.

म्हणून माझे मत असे: कानांसाठी १९५७ची पाहा, मुलांसाठी १९९७ची. आणि यंदा गणेशोत्सवात बालनाट्य बसवाल, तेव्हा राजकन्या कोणाला करता आणि दासी कोणाला, एवढे जरूर तपासा. आमच्या मंडळात गेली तीन वर्षे सगळ्यात गोरी मुलगीच राजकन्या होते आहे. यंदा तालमीच्या पहिल्याच दिवशी मी हे बोलणार आहे. तुमच्याकडे काय होते, तेही कळवा.