दुप्पट लांब, चौपट अंधार
परवा पहाटे भिगवणला, उजनीच्या पाणफुगवट्यावर होडीत होतो. शेजारच्या तरुणाने १००-४०० झूमला दुपटीचा टेलिकन्व्हर्टर लावलेला. रोहित पक्ष्यांचा थवा उठला आणि त्याचा कॅमेरा फोकससाठी चाचपडतच राहिला. फार वाईट वाटलं. तो कन्व्हर्टर दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे एफ/५.६ चं थेट एफ/११. पहाटे उजेड असतो तरी किती? १.४ चा कन्व्हर्टर ३०० मिमी एफ/४ प्राइमला शोभतो, ४२० मिमी एफ/५.६ हाती येतं. झूमवाल्यांनी मात्र ६०० पर्यंत जाणारी लेन्सच भाड्याने आणावी. दुपारी तापलेली हवा थरथरू लागली, की कोणतीच लेन्स उपयोगाची नाही. तेव्हा सरळ काठावर येऊन चिलापीची थाळी मागवावी.