तळे आमचे, सल्ला सरकारचा, गिऱ्हाईक कोणी पाहिले?



श्रीपूरच्या बैठकीत शेततळ्यातल्या माशांचा विषय येणार आहे, म्हणून हे चार शब्द.

2016 साली 'मागेल त्याला शेततळे' आले, 2020 साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. रोहू, कटला, मृगळाची बोटुकली सोडा, उत्पन्न वाढेल, हा सल्ला तयार आहे. हा मासा कोण, कोणत्या रूपात, किती रुपयांना घेईल, हे आधी मोजा म्हटले की सगळे गप्प.

असला सल्ला आपण पूर्वीही ऐकला. 1964 साली सीएसएच-1 हे हायब्रीड ज्वारीचे वाण आले. पोती वाढली. पण पावसात दाणा काळा पडला, भाकरीला मालदांडीची चव आली नाही, आणि भाव पडला तो शेतकऱ्याचा. पीक मोजले, खाणाऱ्याची जीभ मोजली नाही.

जीभ मोजता येते. माणसे निवड कशी करतात याच्या गणितासाठी डॅनियल मॅकफॅडन यांना 2000 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. 'मासा आवडतो का?' असे विचारण्यात अर्थ नाही. 'हो' म्हणायला पैसे पडत नाहीत. गिऱ्हाइकापुढे दोन चिठ्ठ्या ठेवायच्या: एकीवर किलोचा जिवंत रोहू, चढा भाव; दुसरीवर बर्फातली लहान चिलापी, उतरता भाव. तिसरी चिठ्ठी 'काहीच नको'. गुण आणि भाव अदलून बदलून शेकडो गिऱ्हाइकांना निवडायला लावायचे. त्यातून प्रत्येक गुणाची किंमत रुपयांत निघते. समजा, जिवंतपणाला किलोमागे 40 रुपये जादा मिळतात आणि तसा मासा नेण्याचा जादा खर्च 25 येतो, तर टाकी घ्यावी. खर्च 50 आला तर बर्फ बरा. तोंडची निवड खरी की खोटी, हे चार बाजार प्रत्यक्ष विकून ताडून पाहायचे.

कोरडवाहूला हे जास्त लागते. उन्हाळ्यात तळे आटते, मासा लहान असतानाच सगळ्यांना एकदम काढावा लागतो, आणि शेजारी उजनीची चिलापी आहेच. अर्ध्या किलोच्या माशाला काय मिळेल हे ठाऊक नसेल, तर बोटुकली सोडायचीच कशाला?

आमची मागणी साधी आहे. आधी सोलापूर, पंढरपूर, अकलूजच्या बाजारांत ही मोजणी करा, मग उद्दिष्टे ठरवा. आकडे मराठीत छापून गावात लावा. कापसाच्या धाग्याची खरी किंमत गिरणीला ठाऊक, पिकवणाऱ्याला नाही. माशात तेच आम्ही होऊ देणार नाही.

गिऱ्हाईक न मोजता दिलेला सल्ला म्हणजे आमच्या खर्चाने केलेला प्रयोग. तो आता बंद!