पेढीच्या वहीत नसलेली नोंद

भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची नवी लस प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. प्राण्यांवर प्रयोग झाले होते. तरी माणसाला ती सोसवते का, हे माणसावाचून कळणार नव्हते.

ती अडचण आजही पुरती सरलेली नाही. अधिक मात्रेने होणारा अपाय प्राण्यांवरील चाचण्यांत बराचसा उघड होतो. औषधाच्या ॲलर्जीचे तसे नाही. औषधाचा रेणू सहसा इतका लहान असतो की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याची दखलही घेत नाही. परंतु पेनिसिलीनसारखे औषध शरीरातील प्रथिनाला चिकटले की ती जोडी परकी ठरू शकते. काही औषधांच्या बाबतीत हे आईवडिलांकडून आलेल्या एचएलए जनुकांवर ठरते, आणि माणसाची ही जनुके गिनीपिगमध्ये कोठून असणार? मुक्या जीवाचा प्राण जातो आणि प्रश्न तसाच राहतो. भारताने २०२३ मध्ये नियम बदलून मानवी पेशींवरील व संगणकीय चाचण्यांनाही मान्यता दिली.

जनुक आधी तपासल्याने काय साधते, हे एचआयव्हीवरील अबाकाविर या औषधाने दाखविले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,९५६ रुग्ण होते. तपासणी करून धोक्याचे जनुक असलेल्यांना ज्या गटात औषध दिलेच नाही, तेथे चाचणीने सिद्ध झालेली ॲलर्जी एकालाही झाली नाही; दुसऱ्या गटात ती २.७ टक्के रुग्णांना झाली.

मात्र अशी तपासणी मोजक्याच औषधांसाठी आहे. एरवी रुग्णाची जुनी हकीकतच कामी येते. वसई-विरारहून उपचारासाठी परळ-भायखळ्यास जाणाऱ्या एखाद्याला नव्या औषधाच्या चाचणीत सहभागाविषयी विचारले जाते, तेव्हा पूर्वी कोणत्या औषधाने पुरळ उठले, ओठ सुजले, श्वास कोंडला, हे आवर्जून विचारतात. ‘लाल गोळी होती’ एवढेच उत्तर येते. पेढीवर पैशापैशाचा जमाखर्च लिहिणाऱ्या घरात त्या गोळीचे नाव कोणी लिहिलेले नसते! कोणी तर नाव वगळले जाईल म्हणून त्रास लपवितो. पुढच्या मात्रेला तेच प्राणावर बेतू शकते.

२०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे अपाय झाल्यास उपचार विनामूल्य मिळतात, भरपाईचीही तरतूद आहे. नेहमीच्या औषधाने त्रास झाल्यास रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवू शकतो. तेथेही पहिला प्रश्न औषधाच्या नावाचाच असतो.