एकच चित्र पुन्हा पुन्हा

चित्रकलेच्या तासाला मुले रोज नवा विषय मागतात. काल कमळ झाले, आज आगगाडी, उद्या सूर्यास्त. या हौसेस आमचा विरोध नाही. तथापि पंधरा विषय एकेकदा काढणाऱ्यापेक्षा एकच विषय पंधरा वेळा रेखाटणाऱ्याचा हात लवकर सुधारतो, असे आमचे मत आहे.

आम्ही चित्रकलेचे शिक्षक नव्हे. परंतु गेल्या हिवाळ्यात कांही विद्यार्थ्यांसह आम्ही दर रविवारी किल्ल्यावर जाऊन मानमंदिराचा एकच बुरूज काढीत बसलो. राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६ ते १५१६) याचा हा वाडा ग्वाल्हेरच्या मुलांच्या नित्य परिचयाचा. म्हणूनच की काय, पहिल्या दिवशी कोणी त्याच्याकडे नीट पाहिलेच नाही! बुरूज डब्यासारखे सरळ उतरले, वर सर्वत्र निळा रंग. एका मुलाने तर "माझा हातच वाईट" म्हणून कागद फाडला. तिसऱ्या रविवारी तोच म्हणाला, "सर, ही बदके पिवळी आहेत!" पुढे सावली दिसू लागली. पूर्वेकडील भिंतीवर सकाळी ऊन असते, दुपारनंतर ती छायेत जाते. बुरुजाची गोलाई रंगाने नव्हे, या उन्हानेच कळते.

मात्र कालचे चित्र समोर ठेवून आजचे काढू नये. ती नक्कल झाली. वही उलटावी, वस्तूकडे पाहावे, खाली तारीख घालावी आणि रबर शक्यतो घरीच ठेवावे.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण (१९२१-२०१५) बालपणापासून कावळे रेखाटीत. कीर्ती मिळाल्यावरही त्यांचा कावळा सुटला नाही. आमच्या घरची भाषा कोंकणी. मराठी निबंधातील एकेक वाक्य आम्हीही कितीदा तरी पुन्हा लिहिले आहे, त्यामुळे या कंटाळ्याची आम्हांस ओळख आहे. पण ग्वाल्हेर हे ख्यालगायकीचे गाव. येथे गवई एकच राग महिनोन्महिने घोटतो, त्यास कोणी नावे ठेवीत नाही; मग बुरुजाचे दहावे चित्र पाहून पालकांनी "पुन्हा तेच?" असे का म्हणावे?

वार्षिक प्रदर्शनात प्रत्येकाचे एकच उत्तम चित्र टांगण्याची प्रथा आहे. पुढील वर्षी निदान एका भिंतीवर एकाच विद्यार्थ्याची सर्व चित्रे तारखांसह ओळीने लावावीत, अशी आमची सूचना आहे. वर सांगितलेल्या मुलाने आपला फाटका कागद चिकटवून ठेवला आहे. ओळीचा आरंभ त्यानेच करता येईल.